मुलाम्याखालचं पिस्तूल

'मुलामा' हा शब्द मराठीत फारशा चांगल्या अर्थानं येत नाही. वरून चकचकीत आणि आत भलतंच काही, असा त्याचा रोख असतो. मूळ अरबी शब्द मात्र साधा आहे. 'मुलम्मा' म्हणजे चमकवलेलं, झळाळी दिलेलं. फारसीत तर दोन भाषा एकत्र गुंफलेल्या कवितेलाही मुलम्मा म्हणतात. एक ओळ फारसी, दुसरी अरबी किंवा हिंदवी. तिथं कुणी कुणाला फसवत नाही. चमक कुठून आली हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं.

आज ज्या वस्तूंविषयी मला बोलायचं आहे त्यांच्या बाबतीत नेमकं हेच ठाऊक नसतं. दुसऱ्या महायुद्धातून अमेरिकन सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेलेली, आणि वरून निकेल, क्रोम किंवा सोन्याचा मुलामा असलेली पिस्तुलं, या त्या वस्तू. असं एखादं पिस्तूल आजोबांच्या पेटीतून निघतं आणि घरात प्रश्न उभा राहतो, हे खरं आहे का? आणि याची किंमत किती?

कवीनं पिस्तुलांवर का बोलावं, असं तुम्ही म्हणाल. पण कवितेवर पोट भरत नाही. बी.ए. झाल्यावर बरीच वर्षं मी एका इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यात हिशेब लिहीत होतो. सायकलचे हँडल, नळाच्या तोट्या, मोटारींचे बंपर यांच्या मुलाम्याची बिलं माझ्या हातून गेली. हौदांच्या शेजारीच माझं टेबल होतं. त्यामुळे शस्त्रांचं नसलं तरी मुलाम्याचं थोडंफार कळतं. आणि या पिस्तुलांची निम्मी परीक्षा मुलाम्याचीच असते.

आधी ही पिस्तुलं तिथं पोचली कशी ते पाहू. जर्मन लष्कराचं सर्वांत प्रसिद्ध पिस्तूल म्हणजे ल्युगर. जर्मन लष्करानं ते १९०८ साली स्वीकारलं, म्हणून त्याचं अधिकृत नाव 'पी ०८'. तिरकी मूठ, बारीक नळी आणि वर गुडघ्यासारखी दुमडणारी कडी, अशी त्याची ठेवण. १९३८ पासून त्याच्या जोडीला वॉल्थर कंपनीचं 'पी ३८' आलं. अधिकाऱ्यांकडे आणि पोलिसांकडे वॉल्थरचीच लहान, 'पीपी' आणि 'पीपीके' ही पिस्तुलं असत. युरोपात लढणाऱ्या अमेरिकन पोरांना ल्युगरचं विलक्षण आकर्षण होतं. १९४५ मध्ये जर्मनी शरण आला आणि शस्त्रांचे ढीग पडले, तेव्हा हजारो पिस्तुलं सैनिकांच्या सामानातून अमेरिकेत गेली. चोरून नव्हे. वरिष्ठ अधिकाऱ्यानं सही केलेला दाखला जवळ असला की जप्त केलेली वस्तू आठवण म्हणून नेता येत असे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. जर्मन लष्करानं आपल्या शिपायाला चकचकीत पिस्तूल दिलंच नाही. उन्हात चमकणारं हत्यार शिपायाची जागा शत्रूला दाखवतं. ही पिस्तुलं काळसर निळी असत. या रंगाला ब्लूइंग म्हणतात. तो रंग नव्हे आणि मुलामाही नव्हे. रासायनिक क्रियेनं पोलादाच्या पृष्ठभागावरच आणलेला तो अगदी पातळ थर असतो. हाताच्या घामानं आणि चामड्याच्या म्यानात घासून तो विरतो, मग गंज धरतो.

घरी परतलेल्या सैनिकाचं तेच झालं. पिस्तूल दिवाणखान्यात ठेवायचं, मित्रांना दाखवायचं, तर ते असं डागाळलेलं कसं चालेल? गावात बंपर चमकवून देणारा कारखाना होताच. चार पैसे दिले की पिस्तूल आरशासारखं होऊन यायचं. आज दिसणाऱ्या मुलाम्याच्या युद्धकालीन पिस्तुलांपैकी बहुतेकांची कथा एवढीच आहे. पिस्तूल जर्मन, चमक अमेरिकन. यात फसवणुकीचा हेतू नव्हता. उलट त्या वस्तूवर जीव होता, म्हणून तर पैसे खर्च केले.

मग बिघडलं कुठं? ते समजायला आपला कल्हईवाला आठवा. पितळेच्या पातेल्याला तो थेट कथील लावत नसे. आधी पातेलं घासूनपुसून लख्ख करायचा, मग भात्यावर तापवायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा. घासल्याशिवाय कल्हई धरत नाही. निकेल-क्रोमचंही तसंच आहे. वस्तू आधी फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करतात. मग तेलकटपणा काढतात, आम्लात बुडवतात, आणि मगच हौदात सोडून वीज देतात. वस्तूवर निकेलचा थर चढतो, त्यावर हवा असल्यास क्रोमचा अगदी विरळ थर. पातेल्याचं घासण्यानं काही बिघडत नाही. पिस्तुलाचं बिघडतं, कारण त्याची सगळी ओळख त्याच्या पृष्ठभागावर कोरलेली असते. चाकाखाली ती पुसट होते. पुढे कुणी रसायनानं मुलामा उतरवला तरी घासून गेलेलं पोलाद काही परत येत नाही.

म्हणून असं पिस्तूल समोर आलं की 'खरं की खोटं' हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पिस्तूल खरं आहे का? मुलामा मूळ कारखान्यातला आहे का? आणि त्याच्याबरोबर सांगितली जाणारी गोष्ट खरी आहे का? तिन्हींची उत्तरं निराळी येऊ शकतात.

पहिल्या प्रश्नाला अंक उत्तर देतात. ल्युगरच्या नळीवर आणि सांगाड्यावर पूर्ण क्रमांक असतो, आणि ट्रिगरपासून बाजूच्या झाकणापर्यंत अनेक लहान भागांवर त्याच क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. सगळे जुळले तर ते पिस्तूल कारखान्यातून निघालं तसंच आहे. जुळले नाहीत तर दोन-तीन पिस्तुलांचे भाग एकत्र आलेत. शिवाय निर्मात्याची खूण असते. १९३० पासून ल्युगर प्रामुख्यानं ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात बनू लागलं. शत्रूला कारखाना कळू नये म्हणून त्यावर नावाऐवजी संकेत असत. आधी 'एस/४२', मग नुसतं '४२', आणि १९४१ पासून 'बीवायएफ'. वॉल्थरच्या पी ३८ वर 'एसी' ही अक्षरं असत. लष्करी तपासनिसाचा गरुडाचा ठसा वेगळा. वॉल्थरच्या पीपीसारख्या पिस्तुलांवर दारूच्या चाचणीचाही ठसा असतो. १९४० पर्यंत त्यात राजमुकुटाखाली 'एन' हे अक्षर दिसतं, त्यानंतर गरुडाखाली. क्रमांक एका काळाचा आणि ठसा दुसऱ्याच काळाचा निघाला, तर कुणाचा तरी हात फिरला आहे असं समजावं.

अंकांचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर झाडलेलं पिस्तूल इटालियन लष्करी बनावटीचं होतं. बेरेटा कंपनीचं, १९३४ च्या नमुन्याचं, क्रमांक ६०६८२४. इटलीच्या सैन्यासाठी बनलेलं ते हत्यार ग्वाल्हेरपर्यंत कसं आलं, याच्या अनेक कहाण्या सांगितल्या जातात. कहाण्या अनेक आहेत, क्रमांक मात्र एकच आहे.

दुसरा प्रश्न मुलाम्याचा. इथं नुसत्या डोळ्यांनी आणि एका साध्या भिंगानं पुष्कळ कळतं. आधी रंग पाहावा. निकेलची चमक किंचित पिवळसर आणि उबदार असते, क्रोमची निळसर आणि थंड. मोटारीच्या बंपरसारखी थंड चमक असेल तर संशय धरावा. मग कडा पाहाव्यात. कारखान्यातून निघालेल्या पिस्तुलाच्या कडा धारदार आणि सपाट भाग खरोखर सपाट असतात. नंतर घासलेल्याच्या कडा झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. स्क्रूच्या आणि खिळ्यांच्या छिद्रांभोवती उथळ खळगा पडतो, कारण घासणारं चाक छिद्राच्या काठावर जास्त खातं. अक्षरं उथळ दिसतात, एखाद्याची एक बाजू जवळजवळ नाहीशी झालेली असते, आणि खाचांत मुलामा साचलेला असतो.

चकाकीखाली बारीक खड्डे दिसले तर तो जुना गंज. कारखाना गंजलेल्या पोलादावर मुलामा देत नाही. आतल्या बाजूला, स्प्रिंगवर आणि जिथं भाग एकमेकांवर घासतात तिथंही मुलामा पोचला असेल, तर सगळं खोलून सरसकट हौदात टाकलं आहे हे उघड होतं. ल्युगरची आणखी एक खूण आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ट्रिगरसारख्या काही लहान भागांना तापवून गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग दिलेला असे. त्या काळातल्या पिस्तुलाचे हे भागही चांदीसारखे चमकत असतील, तर ती चमक नंतरची.

मुठीही पाहाव्यात. ल्युगरच्या मुठींना सहसा चौकडी कोरलेल्या अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या असत. तिथं पांढरी 'हस्तिदंती' मूठ बसवलेली दिसली, तर भिंगातून आडव्या कापाची बाजू पाहावी. खऱ्या हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. प्लास्टिकमध्ये ती नसते, साच्याची शिवण मात्र सापडते.

म्हणजे मुलाम्याचं प्रत्येक पिस्तूल नंतरचंच असतं का? नाही. अपवाद आहेत, आणि त्यांच्यामुळेच बाजारात एवढा गोंधळ आहे. वॉल्थर कंपनी भेट देण्यासाठी पीपी आणि पीपीके पिस्तुलांवर नक्षी कोरून, सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा देऊन ती बनवत असे. अशाच एका सोनेरी पीपीवर 'ए. एच.' ही आद्याक्षरं होती. १९३९ साली हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ते भेट मिळालं होतं. १९४५ मध्ये म्युनिकच्या त्याच्या घरातून एका अमेरिकन अधिकाऱ्यानं ते नेलं, आणि १९८७ साली लिलावात १ लाख १४ हजार डॉलर्सना विकलं गेलं. दुसरं उदाहरण आठवण म्हणून नेलेल्या पिस्तुलाचं नाही, पण मुलाम्याचं नक्की आहे. अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन यांच्या कमरेला असणारं .४५ चं कोल्ट रिव्हॉल्व्हर. चांदीचा मुलामा, हस्तिदंती मूठ, १९१६ साली विकत घेतलेलं. तिथं मुलामा आधीचा आहे आणि इतिहास नंतरचा. आपल्या सैनिकाच्या ल्युगरवर इतिहास आधीचा होता आणि मुलामा नंतरचा. किमतीतला सगळा फरक या क्रमात आहे.

तिसरा प्रश्न गोष्टीचा. अमेरिकेतल्या संग्राहकांत एक जुनं सांगणं आहे की विकत घ्यायचं ते पिस्तूल, गोष्ट नव्हे. गोष्टीला पैसे पडत नाहीत, म्हणून ती वाढत जाते. शिपायाचं पिस्तूल कॅप्टनचं होतं, कॅप्टनचं जनरलचं. त्यात लबाडांची भर पडते. साध्या पिस्तुलावर मागाहून नाव कोरायचं, नाझी चिन्हं ठोकायची, सोन्याचा मुलामा द्यायचा आणि 'सेनापतीला मिळालेली भेट' म्हणून विकायचं. नवं कोरलेलं अक्षर मुलाम्याला छेदून जातं, की मुलामा अक्षराच्या आत उतरलेला आहे, हे भिंगातून दिसतं. पण गोष्ट तपासायला शेवटी कागदच लागतो.

याचा अनुभव मला घरबसल्या आला. माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्याच्या शेजारच्या आजींचे यजमान १९४५ मध्ये जर्मनीत होते. ते वारल्यावर आजींनी त्यांचं चंदेरी ल्युगर विकायला काढलं. दुकानदारानं ते हातात घेतलं आणि फारच कमी भाव सांगितला. घरात तर वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, की हे एका जर्मन जनरलचं, म्हणून ते चांदीचं. आजींना पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. आपला माणूस आयुष्यभर खोटं सांगत होता का?

भाच्याचा फोन आला. "मामू, तुम्ही प्लेटिंगच्या कारखान्यात होतात ना, जरा फोटो बघता का?"

म्हटलं, आधी जाणकाराकडून ते रिकामं आहे याची खात्री करून घ्या, आणि मग कडा, छिद्रं आणि अंक यांचे जवळून फोटो पाठव.

फोटो आले. कडीवर 'बीवायएफ', नळीच्या मागे '४१', म्हणजे माउझर कारखाना, साल १९४१. लहान भागांवरचे आकडे जुळत होते. चमक निळसर, छिद्रांभोवती खळगे, गरुडाचा ठसा निम्मा पुसलेला. पिस्तूल अस्सल, मुलामा नंतरचा.

"आजींना विचार," मी म्हटलं, "काही जुने कागद, फोटो आहेत का?"

चार दिवसांनी चादरींच्या कपाटात एक पाकीट सापडलं. त्यात दोन गोष्टी होत्या. घरी परतल्यावर लगेच काढलेला एक फोटो, त्यात तरणाबांड गडी हातात पिस्तूल धरून हसतोय आणि ते पिस्तूल काळं आहे. आणि घडीवर फाटत आलेला तो दाखला. त्यावर त्यांचं नाव, अधिकाऱ्याची सही, आणि पिस्तुलाचा क्रमांक. तोच.

जनरलचा उल्लेख कुठंच नव्हता. तो कधी आणि कुणी घातला, हे आता कळायला मार्ग नाही. पण या पोरानं हे पिस्तूल खरोखर युद्धातून आणलं, याला आता पुरावा होता. दाखला पाहून दुकानदारानंही भाव वाढवून दिला. मुलामा नसता तर याहून पुष्कळ जास्त आला असता, हेही त्यानं सांगितलं. आजींनी तूर्त विकलं नाही. कागद, फोटो आणि पिस्तूल आता एकाच पेटीत आहेत, असं भाचा म्हणाला.

किमतीचा हिशेब आता सोपा आहे. सर्वांत वर ते पिस्तूल, ज्याचा मूळ रंग शाबूत आहे, अंक जुळतात आणि दाखला सोबत आहे. त्याखालोखाल मूळ रंगाचं, पण बिनकागदाचं. नंतर मुलामा दिलेलं पिस्तूल पुष्कळ खाली येतं. एरवी उत्तम असलेल्या पिस्तुलाची किंमत मुलाम्यानं सहज अर्ध्याखाली उतरते. त्याला निव्वळ चालू स्थितीतल्या हत्याराचा भाव मिळतो, इतिहासाचा नाही. त्याच्याबरोबर दाखला असेल तर थोडं सावरतं. आणि कारखान्यातूनच मुलामा घेऊन आलेलं, कागदपत्रांनी सिद्ध झालेलं दुर्मीळ पिस्तूल या सगळ्यांच्या वर, वेगळ्याच पंगतीत बसतं. संग्राहक वेडे नाहीत. मूळ पृष्ठभाग हाच पुरावा आहे, आणि तो एकदा गेला की पुन्हा तयार करता येत नाही, एवढंच ते ओळखतात.

परदेशातल्या कुणा आप्तांकडे असं काही निघालं तर ते इकडे आणण्याचा विचार मात्र करू नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे, आणि ल्युगरची ९ मिलिमीटर ही तर प्रतिबंधित बोअर आहे. युद्धाची आठवण म्हणून तिथं कुणी सूट देत नाही.

पण आपल्याकडे पिस्तूल नसलं तरी पदकं आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत, चावडीपाशी किंवा वेशीवर एक दगडी पाटी असते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या लढाईला गेले आणि इतके परत आले नाहीत, एवढंच तिच्यावर असतं. नावं नसतात. त्यांपैकी कुणाचं चांदीचं पदक आजही एखाद्या घरात, देवघराच्या खणात किंवा ट्रंकेत पडलेलं असेल. पहिल्या महायुद्धाच्या त्या पदकाच्या काठावर, जाडीच्या बाजूला, शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. पाटीवर जे नाव नाही ते तिथं आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते पदक चिंच-राखेनं किंवा पॉलिशनं घासलं जातं, आणि दर वर्षी ते नाव थोडं थोडं निघून जातं.

तेव्हा घरात असं काही असेल तर घासू नका, चमकवू नका, सोनाराकडे तर मुळीच देऊ नका. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. भिंग घेऊन काठावरचं नाव वाचा आणि वहीत उतरवून ठेवा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, हे कुणाचं, कुठून आलं, आणि सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा, खाली तारीख घाला. ती वही त्या वस्तूशेजारीच ठेवा.